डागी माल

मंगळवार, ४ मार्च

फळबाजाराचे 'महाराज' निवृत्त होत आहेत. अध्यक्षबाईंनी ही बातमी अशा आवाजात दिली की मला वाटलं, गेलेच. "पन्नास वर्षं हो! पन्नास वर्षं त्या माणसानं या शहराला फळं-भाज्या खाऊ घातल्या." खाऊ नाही घातल्या, विकल्या. आणि ज्या कुणी विकत घेईना, त्या गरजूंना फुकट पिशव्या वाटणाऱ्या आमच्या अन्नपेढीच्या मागच्या दाराशी आणून ओतल्या. पण अध्यक्षबाईंना हे कोण सांगणार? त्यांनी मागचं दार अकरा वर्षांत तीनदा पाहिलं असेल, त्यातही एकदा चुकून.

१५ तारखेला पेढीच्या हॉलमध्ये महाराजांचा सत्कार करायचं ठरलं. व्यापारी संघाचे माजी अध्यक्ष, शीतगृहांचे जनक, आणखी कशाकशाचे आधारस्तंभ. मानपत्र आमच्या समितीतले वकीलसाहेब लिहिणार, म्हणजे ते कुणालाच कळणार नाही. खुर्च्या, चहा आणि टेबलावरची फळांची परडी माझ्याकडे. मी मान हलवली. समितीने मला त्याचसाठी ठेवलं आहे.

त्यांचा ट्रक आज आला. बावीस क्रेट. सफरचंदांवर खरबरीत तपकिरी चट्टे, संत्र्यांवर काळे ठिपके, टोमॅटो उसवून पुन्हा शिवल्यासारखे, गाजरांना दोन-दोन पाय. मी निवडायला बसले आणि सतरा क्रेट निळ्या पिंपांत गेले. ट्रकवाला नेहमीप्रमाणे कुरकुरला, "बाई, अहो चांगलं आहे ते. साहेब दर सोमवारी स्वतः उभं राहून काढून देतात."

"असणारच," मी म्हटलं. "कचऱ्यालाही साहेबांचाच हात लागतो."

तो रिकामे क्रेट ट्रकमध्ये आपटायला लागला. माझ्या पारखीला नावं ठेवायला जागा नाही. पेढीत येण्यापूर्वी तीस वर्षं मी कापडाच्या गोदामात ठाणं तपासली आहेत. डाग मला दहा पावलांवरून दिसतो.

बुधवार, ५ मार्च

कालचं एक लिहायचं राहिलं. संध्याकाळी गोठेवाला पिंपं न्यायला आला. हा माणूस दर मंगळवारी लग्नाला आल्यासारखा खुशीत असतो. "बाई, तुमच्याकडचा माल एक नंबर! गाई नुसत्या वाट बघतात." त्याच्या गाई इतक्या तुकतुकीत आहेत की शेजारचे लोक बघायला जातात. त्याने पिंपांतून हाताने निवडून एक टोपली वेगळी भरली आणि वर गोणपाट टाकलं. त्याला वाटतं मला दिसत नाही. सोनंनाणं चोरणारी माणसं ऐकली आहेत, सडकं चोरणारा हा एकच. आमच्या घरी दूध त्याचंच येतं म्हणून मी मूग गिळून बसते.

घरी आले तर ताईला भूक नाही. मंगळवारी तिला कधीच भूक नसते. एकदा डॉक्टरांना विचारायला हवं. लहान सुरी धुऊन निथळत ठेवलेली होती. विचारलं तर म्हणे पार्सलची दोरी कापली. पार्सल कुठलं, कुणास ठाऊक. बिचारीला आता धड दिसत नाही, उगाच बोलून काय करायचं.

शनिवार, ८ मार्च

आज मानपत्राचा कच्चा मसुदा आला. त्यात 'दातृत्वाचा अखंड झरा' असं आहे. वाचून मी चहा सांडला.

मी ही पिंपं का भरते, ते एकदा लिहूनच ठेवते. मी नवी होते तेव्हा जे येईल ते पिशवीत घालत असे. तेव्हा मास्तर नुकतेच यायला लागले होते. शाळा बंद पडून नोकरी गेलेले, बायको अंथरुणाला खिळलेली, पण शर्टाला इस्त्री, आणि स्वतःची पिशवी चौकोनी घडी घालून खिशात. त्यांनी पिशवीतलं सफरचंद काढलं, डाग माझ्याकडे वळवून टेबलावर ठेवलं आणि हळूच म्हणाले, "आम्ही गरीब आहोत बाई, गुरं नाही." मागे तीसेक माणसं उभी होती. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

त्या दिवसापासून माझा नियम आहे. जे मी माझ्या ताईच्या ताटात वाढणार नाही, ते कुणाच्याही पिशवीत जाणार नाही. समितीने हा नियम छापून भिंतीवर लावला आहे, खाली अध्यक्षबाईंचं नाव घालून.

मंगळवार, ११ मार्च

आज मी बोलले! अकरा वर्षांनी बोलले.

महाराजांच्या जागी आता त्यांचा पुतण्या बसणार आहे. तो हॉल बघायला आला होता. केस चापूनचोपून बसवलेले, अत्तराचा घमघमाट, आणि दोन वाक्यांमध्ये एकदा फोन. ट्रक नुकताच खाली झाला होता. अध्यक्षबाई त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होत्या, "तुमच्या काकांचे उपकार आम्ही कसे फेडणार!" मी म्हटलं, "मी दाखवते." सरळ मागच्या दाराने त्याला पिंपांपाशी नेलं.

"हे बघा. हे तुमच्या काकांचे उपकार. चार भागांतले तीन दर आठवड्याला इथे जातात."

तो चपापला. "हे सगळं फेकता?"

"मग काय करू? माणसांना घालू?"

त्याने पिंपांचे फोटो काढले. मग फार अदबीने म्हणाला, "मॅडम, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. तुम्हाला उगाच त्रास होतोय. मी बघतो." माझा हात हातात घेऊन आभारसुद्धा मानले. काकांपेक्षा पुतण्या बरा दिसतो. अध्यक्षबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, ते वेगळंच.

रात्रीच्या जेवणाला ताई पुन्हा 'पोट भरलंय' म्हणाली.

शनिवार, १५ मार्च

सत्कार झाला. सुटले.

महाराज वेळेआधी अर्धा तास आले. सत्तरी ओलांडलेली, शरीर दाराएवढं, पायात गोदामात घालायचे जाड बूट. सत्काराला बूट तरी बदलावेत! व्यापारी संघाचे सगळे रिकामटेकडे पुढच्या रांगेत. प्रत्येकाने भाषणात महाराजांविषयी दोन मिनिटं आणि स्वतःविषयी दहा मिनिटं सांगितलं. एकाने तर त्यांचं नाव चुकवलं आणि टाळ्याही घेतल्या. मानपत्र वाचताना वकीलसाहेबांनाच एका शब्दाचा अर्थ लागेना, तिथे ते खोकले.

मग महाराज उठले. "मला बोलता येत नाही," म्हणाले, आणि त्यानंतर वीस मिनिटं फळ कसं पिकतं ते बोलले. लोक घड्याळं बघत होते. मधेच टेबलावरच्या परडीतलं एक सफरचंद उचललं, अंगठा टेकवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे कुणी आणलं? हे आतून मेलंय." हॉल हसला. ती परडी मी भारी दुकानातून, एकेक फळ पारखून आणली होती. आरशासारखी चकचकीत फळं, टाचणीएवढा डाग नाही. आणि डागी माल पाठवणारा हा माणूस मला शिकवणार!

खाली उतरताना त्यांनी मला विचारलं, "स्टोअरबाई तुम्हीच का? मंगळवारचा माल पुरतो ना सगळ्यांना?" मी म्हटलं, "उरतो." ते खूश होऊन गेले. टोमणासुद्धा कळत नाही अशा माणसाशी काय बोलायचं.

परडी घरी आणली. ताईने तेच सफरचंद कापलं. आत गाभ्यापासून काळं. दुकानदाराला उद्या चांगलं सुनावणार आहे.

मंगळवार, १८ मार्च

ट्रक आला नाही. मागची खोली इतकी स्वच्छ मी कधी पाहिली नव्हती. पिंपं धुऊन पालथी घातली. गोठेवाला येऊन हात हलवत गेला, तोंड एवढंसं झालेलं. बरं वाटलं.

गुरुवार, २० मार्च

पुतण्याचं पत्र आलं. अध्यक्षबाईंनी ते माझ्यासमोर मोठ्याने वाचलं, एकेक शब्द चावून. 'आपल्या भांडारप्रमुखांनी प्रत्यक्ष दाखवून दिल्याप्रमाणे आमच्याकडून येणारा बहुतांश माल आपल्या उपयोगाचा नाही. इतकी वर्षं झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. हा माल यापुढे रस काढणाऱ्या कारखान्याला देण्याची व्यवस्था केली आहे.'

"आता?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "सव्वाशे पिशव्यांत काय घालणार? तुमचा बाणेदारपणा?"

मी म्हटलं, चार भागांतले तीन तसेही जात होते. त्या म्हणाल्या, "चौथा तरी होता ना!" त्यांना उत्तर देण्यात अर्थ नाही. त्यांना फोटोपुरती फळं हवीत.

मंगळवार, २५ मार्च

दुसरा मंगळवार. आसपासच्या दुकानांतून मिळून एक क्रेट टोमॅटो आणि थोडे कांदे. पिशवीत तांदूळ, डाळ आणि डबाबंद वाटाणे. लोक पिशवीत वाकून बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. कुणी काही म्हणत नाही, हेच जास्त लागतं.

मास्तर म्हणाले, "बाई, फळ नाही का? हिला फळाशिवाय औषध जात नाही." पूर्वी एक-दोन असायची, ती मी त्यांच्यासाठी निवडून ठेवत असे. म्हटलं, "पुढच्या मंगळवारी बघू." मी मास्तरांशी आजवर खोटं बोलले नव्हते.

ताईला आज चांगली भूक लागली होती. दोनदा भात घेतला आणि वर किरकिर, "आज मंगळवार ना गं?" मंगळवारचं हिला काय आहे, देव जाणे.

गुरुवार, २७ मार्च

महाराज आले. सत्कार नाही, टाळ्या नाहीत, तरी आले, तेच बूट घालून. माल बंद झाल्याचं ट्रकवाल्याने सांगितलं असणार. एका दुकानदाराने सकाळी चार क्रेट सफरचंदं पाठवली होती, महाराजांच्याच गोदामातून उचललेली आणि खपली नाहीत म्हणून दिलेली. मी ती निवडून संपवली होती. एक क्रेट टेबलावर, तीन पिंपात.

त्यांनी पिंपात डोकावून पाहिलं. मग न विचारता माझी खुर्ची ओढली, पिंप आडवं केलं आणि सफरचंदं टेबलावर परत घ्यायला लागले. अंगठा टेकवायचा, फळ नाकाशी न्यायचं, ठेवायचं. मी उभीच. स्वतःच्या टेबलाशी शाळेतल्या मुलीसारखी उभी! अर्ध्या तासात पिंपात तळाशी डझनभर उरली. आणि माझ्या टेबलावरच्या निवडलेल्या क्रेटमधली आठ त्यांनी उचलून पिंपात टाकली.

"ती चांगली आहेत," मी म्हटलं.

"दिसायला." खिशातून चाकू काढून त्यांनी एक कापलं. आत पिठूळ, तपकिरी. मग एक चट्टेवालं कापलं. आत पांढरंशुभ्र, रस टेबलावर गळला. "फांदीला घासलं की असं होतं. वाऱ्यावर असतं ना, उन्हाच्या बाजूला. झाडावरचं सगळ्यात गोड तेच. पण दुकानात लोक साल विकत घेतात, मूर्ख लेकाचे! म्हणून मी म्हटलं, निदान तुमच्याकडे तरी खाणारी माणसं येतात." चाकूच्या टोकावर एक फोड पुढे केली. "घ्या."

"मला नको."

त्यांनी स्वतःच खाल्ली. "पूर्वी कुठे काम करत होतात?"

"कापडाच्या गोदामात. तपासनीस."

"तरीच," ते म्हणाले. मला या एका शब्दाचा जेवढा राग आला तेवढा मानपत्राचाही आला नव्हता.

मग विचारलं, "मग अकरा वर्षं माझा माल कुठे गेला?"

मी सांगितलं. गोठ्यात.

ते चाकू तसाच हातात धरून बसले. ओरडले असते तर मला उत्तर देता आलं असतं, दहा उत्तरं तयार होती. शेवटी उठले आणि जाताना दोन चट्टेवाली सफरचंदं माझ्या पिशवीत टाकली, विचारायची पद्धत नाहीच. मी ती वाटेत फेकणार होते. विसरले.

शुक्रवार, २८ मार्च

हे लिहू की नको, असं सकाळपासून चाललं आहे.

ताईने माझी पिशवी रिकामी केली. तिला दिसत नाही, ती हाताने बघते. तिची बोटं त्या खरबरीत चट्ट्यावरून फिरली आणि ती लहान मुलीसारखी म्हणाली, "अगंबाई, आलं का परत!"

"काय परत आलं?"

मग तिच्या लक्षात आलं. पण तोंडातून गेलं होतं. गोठेवाला दर मंगळवारी गाडी घेऊन घरावरून जाताना तिला चार सफरचंदं, कधी संत्री देऊन जात असे. कितीतरी वर्षं. मी घरी यायच्या आत खाऊन, सुरी धुऊन ती मोकळी. "तो म्हणाला, तुझ्या बहिणीला सांगू नकोस, ती माझी टोपली बंद करेल. त्याची पोरं पण हीच खातात गं."

"तुला कळत नाही का ताई, तो फेकलेला माल आहे! मी फेकलेला!"

"मला काय माहीत कुणी फेकला," ताई म्हणाली. "मला गोड लागायचा."

माझा नियम भिंतीवर टांगलेला आहे. ताईच्या ताटात वाढणार नाही ते. मी वाढलं नाही, हे खरंच आहे. आज मला जेवण गेलं नाही.

मंगळवार, १ एप्रिल

पुतण्याच्या कचेरीत गेले होते. चारी बाजूंनी काचा, आणि खुर्ची अशी की बसलं की माणूस मागे कलंडतो, मग विनंती करायची ती पडल्या पडल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या होत्या, 'काहीतरी गैरसमज झाला' एवढंच म्हणा. मी तेच घोकत गेले होते.

तो म्हणाला, "पण मॅडम, तुम्हीच तर दाखवलंत. फोटो आहेत माझ्याकडे."

मग मी ते वाक्य म्हटलं. लिहायलाही जड जातंय. "मला फळातलं काही कळत नाही. चांगला माल मी फेकला."

त्याला काही फरक पडला नाही. मी एवढं गिळून बोलले, आणि तो फोनमध्ये बघत होता! रसवाल्या कारखान्याशी वर्षाचा करार झाला आहे, मोडता येत नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, दहा क्रेट देता येतील. पण निवडायला कुणी जाणकार बसला पाहिजे. आणि मग आवाज खाली आणून, "काकांना बसवून घ्या ना तुमच्याकडे. निवृत्त झाले तरी रोज गोदामात येतात, माझ्या माणसांना शिकवत बसतात. वैताग आहे नुसता."

काका इतके दिवस माझ्या लेखी वैतागच होते. पण पुतण्याने म्हटलेलं मला आवडलं नाही. का, ते कळत नाही. सौदा ठरला, बावीसाच्या जागी दहा क्रेट आणि एक काका. बाकीचे बारा माझ्यामुळे गेले, हे कुणाला सांगावं लागलं नाही. सगळ्यांना माहीत आहे.

मंगळवार, १५ एप्रिल

महाराज माझ्या खुर्चीवर बसतात. मी स्टुलावर. ते चहा बशीत ओतून आवाज करत पितात, माझं प्रत्येक फळ हातातून काढून घेतात, "अंगठा, बाई, अंगठा! डोळे घरी ठेवून या." असा उद्धट माणूस मी पाहिला नाही. अध्यक्षबाई सकाळी फोटो काढायला आल्या, तर त्यांनाही म्हणाले, "उजेड अडवू नका." तेवढं मात्र छान केलं.

दहा क्रेटमधलं जेमतेम एक टोपलं फेकलं. गोठेवाल्याने ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो गाडीकडे निघाला. मी त्याला हाक मारली आणि चार सफरचंदं गोणपाटात घालून दिली. "घरावरून जाताना दे," म्हटलं. तो असा घाबरला की गोणपाट हातातून सुटलं.

पण लिहायचं आहे ते दुपारचं. वाटप सुरू झालं, रांग दारापर्यंत. मास्तर आले. पिशवीची घडी उलगडली, सामान घेतलं आणि प्रत्येक वस्तू नेहमीसारखी तपासली. सफरचंद हाताला लागलं. त्यांनी ते बाहेर काढलं, चट्टा माझ्याकडे वळवला आणि टेबलावर ठेवलं. बोलायची गरजच नव्हती, अकरा वर्षांपूर्वीचं वाक्य आम्हा दोघांनाही पाठ होतं. मागची रांग थांबली.

महाराज आतल्या खोलीत होते. मी त्यांना बोलावू शकले असते. फांदी, वारा, ऊन, त्यांनी सगळं सांगितलं असतं आणि मास्तर मान खाली घालून निघून गेले असते, परत न येण्यासाठी.

मी टेबलावरचा चाकू घेतला आणि ते सफरचंद मधोमध कापलं. अर्धं मास्तरांच्या समोर ठेवलं. दुसरं अर्धं, चट्ट्याच्या बाजूचं, तिथेच उभं राहून, सगळ्यांच्या देखत, सालीसकट खाल्लं. हनुवटीवरून रस ओघळला, पुसायलाही सुचलं नाही. मास्तर बघत राहिले. मग त्यांनी समोरचं अर्धं रुमालात गुंडाळलं, बायकोसाठी, आणि म्हणाले, "अजून एक मिळेल का?"

मी तीन दिली.

मी हा माल आज पहिल्यांदा तोंडात घातला. फार गोड आहे. अकरा वर्षं गाई हे खात होत्या.